मुलांना घेऊन आयर्लंडच्या गावाखेड्यांतून: गाडीने फिरायचं तर असं

मे महिन्याच्या सुट्टीत आयर्लंडला यायचं ठरवणारं जवळपास प्रत्येक मराठी कुटुंब आधी नकाशा बघतं आणि खूश होतं. अख्खं बेट महाराष्ट्राच्या पाव हिश्श्याहून जरासंच मोठं. पूर्वेच्या डब्लिनहून पश्चिमेच्या गॉलवेला मोटरवेने अडीच तासांत पोचता येतं. मग आठवड्याभरात सगळा देश होईल असं वाटणं साहजिक आहे. पण जे बघायला तुम्ही एवढ्या लांब येता ते मोटरवेवर नाही. ते आहे दगडी गडग्यांमधून वळत जाणाऱ्या अरुंद रस्त्यांवर, आणि तिथे चाळीस किलोमीटरला तास लागतो. मागच्या सीटवर दोन मुलं असतील तर दीड तास धरा. म्हणून माझा आग्रह एकच आहे: अर्धा देश सोडून द्या. पश्चिम किनाऱ्याचे दोन-तीन पट्टे निवडा, एकेका ठिकाणी तीन-चार रात्री राहा, रोज बॅगा भरायचं टाळा. पुढचं सगळं याच हिशेबाने सांगतो.

महिना, व्हिसा, परवाना

आपल्या शाळांची सुट्टी आणि आयर्लंडचा सगळ्यात चांगला हंगाम नेमका जुळतो. मे आणि जून हे इथले सर्वात जास्त उन्हाचे महिने. आयरिश शाळांची मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते, त्यामुळे मेमध्ये राहायची जागाही बरी मिळते. फक्त मेचा पहिला सोमवार आणि जूनचा पहिला सोमवार या सार्वजनिक सुट्ट्या आहेत. त्याला जोडून येणाऱ्या शनिवार-रविवारी किनाऱ्यावरची गावं भरलेली असतात. मेच्या अखेरीस पश्चिमेला रात्री पावणेदहापर्यंत उजेड असतो. फिरायला वरदान, पण मुलं झोपत नाहीत. खोलीला जाड पडदे आहेत का ते बुकिंगच्या वेळीच विचारा.

आयर्लंड युरोपीय संघात आहे, पण शेंगेनमध्ये नाही. शेंगेन व्हिसावर इथे येता येत नाही. प्रत्येक मुलाचा अर्ज वेगळा भरावा लागतो, आणि आई-वडिलांपैकी एकच जण बरोबर असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र लागतं. उत्तर आयर्लंड हा युनायटेड किंग्डमचा भाग आहे. रस्त्यावर सीमा ओलांडताना कुणी गाडी थांबवत नाही, म्हणून अनेकांना वाटतं की व्हिसा नको. तो हवाच. भारतीय पासपोर्टधारकांसाठी ब्रिटिश-आयरिश व्हिसा योजना (बीआयव्हीएस) आहे, तिच्यात एकच व्हिसा दोन्हीकडे चालतो. उत्तरेतला जायंट्स कॉजवे, म्हणजे समुद्रकाठचे ते षटकोनी दगडी खांब, बघायचा असेल तर तुमच्या व्हिसावर बीआयव्हीएस असा शेरा आहे का ते तपासा. पहिल्याच खेपेला मात्र मी उत्तरेला जायचा आग्रह धरणार नाही. पश्चिमेलाच पुरून उरेल इतकं आहे.

भारतीय परवान्यावर पर्यटकाला इथे गाडी चालवता येते. तरीही निघण्यापूर्वी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून घ्या, कारण काही भाड्याच्या कंपन्या तो मागतात. मूळ परवाना सोबत हवाच, फोटोवर भागत नाही.

मुक्काम कुठे टाकायचा

तेरा-चौदा दिवस असतील तर माझी आखणी अशी: डब्लिनला दोन रात्री, केरीत चार, क्लेअरमध्ये दोन किंवा तीन, कॉनेमारात तीन (हे तिन्ही पश्चिम किनाऱ्याचे पट्टे), आणि मग परत, शेवटची एक रात्र विमानतळाजवळ.

डब्लिनच्या दोन दिवसांत गाडी घेऊच नका. उन्हाळ्यात भारताच्या मागे साडेचार तास असतो इथला वेळ, त्यामुळे मुलं पहाटे चारला टक्क जागी आणि संध्याकाळी सहाला पेंगुळलेली. अशा अवस्थेत रात्रीच्या प्रवासातून उतरून थेट चार तास गाडी चालवणं धोक्याचं आहे. डार्ट नावाची लोकल किनाऱ्याकिनाऱ्याने जाते. होथला उतरून धक्क्यावर सील बघावेत, झोप भरून काढावी आणि तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी ताब्यात घ्यावी.

केरीसाठी किलार्नी किंवा केनमेअर, क्लेअरसाठी डूलिन, एनिस्टिमन किंवा बॅलिव्हॉन, कॉनेमारासाठी क्लिफडन. या गावांत किंवा आसपास स्वयंपाकघर असलेली घरं भाड्याने मिळतात, आणि मुलांसोबत हॉटेलपेक्षा ती कधीही बरी. वरणभात शिजवता येतो, कपडे धुता येतात, पाऊस लागला तर मुलांना पसरायला जागा मिळते. घराचा एअरकोड मागून घ्या. हा सात अक्षरांचा पोस्टकोड २०१५ पासून प्रत्येक पत्त्याला स्वतंत्र दिलेला आहे. खेड्यात घरांना नंबर नसतात आणि रस्त्यांना नावं नसतात, पण एअरकोड टाकला की नकाशा थेट दारात नेतो.

गाडी घेताना

रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवायचं, स्टिअरिंग उजवीकडे. आपल्यासारखंच, त्यामुळे अमेरिकेतून येणाऱ्यांची जी तारांबळ उडते ती आपली उडत नाही. ऑटोमॅटिक गाड्या कमी आणि महाग असतात. हाताने गिअर बदलायची सवय असेल तर पैसे वाचतील, नसेल तर कित्येक महिने आधी बुकिंग करा.

आजी-आजोबा बरोबर असतील तर सात सीटची गाडी घ्यायचा मोह होतो. लक्षात ठेवा, तिसरी रांग उघडली की डिकीत जेमतेम दोन लहान बॅगा मावतात. एकतर सामान निम्मं करा, नाहीतर नऊ सीटची व्हॅन घ्या, पण ती अरुंद रस्त्यावर जड जाते. सामान निम्मं करणं हाच खरा उपाय.

चाइल्ड सीटबाबत तडजोड नाही. उंची १५० सेंटिमीटर किंवा वजन ३६ किलो होईपर्यंत मुलाला योग्य सीट किंवा बूस्टर कायद्याने सक्तीचं आहे. बाळ रडतंय म्हणून मांडीवर घेणं इथे चालत नाही, चालू नये. कंपनीकडून सीट घेत असाल तर मुलाचं वय नव्हे, उंची आणि वजन कळवा. बसवून देणं हे बहुतेक वेळा तुमच्यावरच सोपवलेलं असतं, तेव्हा काउंटरवरून निघण्याआधी सीट हलवून बघा. हलली तर ती नीट बसलेली नाही.

मुख्य चालकाच्या नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट कार्ड बरेचदा नाकारतात. विम्यात अपघात झाल्यास तुमच्या खिशातून जाणारी रक्कम बरीच मोठी असते, दीड-दोन हजार युरो किंवा त्याहूनही जास्त. शिवाय टायर आणि काच अनेकदा विम्यात धरलेली नसते, आणि इथे इजा होते ती नेमकी डाव्या टायरला आणि डाव्या आरशाला. हे दोन्ही धरलेलं आहे का ते विचारून मगच सही करा. गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढा, चाकाच्या रिमसकट.

विमानतळावरून दक्षिणेला निघालात की एम-५० हा वळणरस्ता लागतो. त्यावर टोलनाका नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि दुसऱ्या दिवशी रात्री ८ च्या आत पैसे भरायचे असतात. भाड्याच्या गाडीचा हा टोल कंपनी भरते की तुम्ही, हे काउंटरवरच विचारा.

बॅगेत काय, आणि काय नाही

बाहेरच्या देशातून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे पेढे, बर्फी, साजूक तूप, चीज सगळं घरीच ठेवा. लहान बाळाच्या दुधाच्या पावडरीला सवलत आहे. ताजी फळं आणि पालाही प्रमाणपत्राशिवाय येत नाही, त्यामुळे मे असूनही हापूसची पेटी आणि कढीपत्ता नाही. चालतं ते बरंच आहे: चिवडा, चकली, खाकरे, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, तूरडाळ. तांदूळ, कांदा, बटाटा, दही सुपरमार्केटमध्ये मिळतं. लहान प्रेशर कुकर आणायचा असेल तर आणा, जागा वसूल होते.

छत्री आणू नका, पश्चिमेचा वारा ती पहिल्या तासात उलटी करतो. प्रत्येकाला टोपीचा रेनकोट, मुलांना वर पावसाळी पँट, आणि एक जादा बूटजोड. मेमध्ये तापमान १० ते १६ अंशांच्या आसपास असतं. एक जाड जॅकेट घेण्यापेक्षा पातळ कपड्यांचे तीन थर बरे. प्लग तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडसारखा.

रस्ता कसा ओळखायचा

इथे रस्त्याच्या नावातच त्याचा स्वभाव कळतो. एम म्हणजे मोटरवे, वेगमर्यादा १२०. एन राष्ट्रीय रस्ता, साधारण १००. आर प्रादेशिक, ८०. एल म्हणजे स्थानिक, आणि गावाबाहेरच्या या रस्त्यांची मर्यादा फेब्रुवारी २०२५ मध्ये ८० वरून ६० वर आणली. तरीही कित्येक एल रस्त्यांवर तीसनेच जावं लागतं. पाटीवरचा आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढं पळवायलाच हवं असं कुणी म्हणत नाही. फोनवरचा नकाशा आर आणि एल रस्त्यांसाठी जो वेळ दाखवतो त्यात तिसरा हिस्सा मिळवा. आणि नकाशा 'जवळचा रस्ता' म्हणून एल सुचवत असेल तर नको म्हणा, एन धरा.

राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मधोमध अखंड पांढरी रेघ असेल तिथे पुढच्याला ओलांडायचं नाही. हॉर्न जवळपास वाजवायचाच नाही. फोन हातात धरणं गुन्हा आहे, आणि मद्याची मर्यादा इतकी कमी आहे की चालकाने पबमध्ये चहाच घ्यावा.

आता त्या अरुंद रस्त्यांबद्दल, कारण धास्ती त्यांचीच असते. रस्ता एकाच गाडीपुरता. मधोमध गवताची पट्टी उगवलेली. दोन्ही अंगांना गडगा, त्यावर फ्युशियाचं झुडूप आणि काटेरी वेल आरशाला घासत जातात. वळणावर समोरून ट्रॅक्टर येतो. घाबरायचं नाही, थांबायचं. रस्ता दर थोड्या अंतरावर रुंद केलेला असतो किंवा शेताचं फाटक आत सरकलेलं असतं. त्या जागेच्या जो जवळ असेल त्याने रिव्हर्स घ्यायचा. अंदाज येत नसेल तर मागच्या सीटवरच्या मोठ्या माणसाने खाली उतरून सांगावं, यात कुणाला कमीपणा वाटत नाही. डावं चाक गवतावर घालू नका, गवताखाली बहुधा चर असतो. गाड्या एकमेकांना ओलांडताना ट्रॅक्टरवाला स्टिअरिंगवरून एक बोट उचलेल. तो नमस्कार आहे, तुम्हीही उचला. मुलांना हे फार आवडतं, दोन दिवसांत ती प्रत्येक गाडीला बोट दाखवायला लागतात. मागे स्थानिक गाडी घाईत दिसली तर रुंद जागा बघून बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या.

मुलांना गाडी लागत असेल तर त्यांना मधे बसवा, फोन देऊ नका, समोर क्षितिजाकडे बघायला लावा, आणि दर पाऊण तासाला उतरवा.

एक मोठी गोष्ट सकाळी, एक छोटी दुपारी

दिवसाला इतकंच. त्याहून जास्त ठरवलं की संध्याकाळी सगळे एकमेकांवर खेकसतात.

डब्लिन ते किलार्नी हा सगळ्यात लांब पल्ला, तीनशे किलोमीटरच्या आसपास. वाटेत रॉक ऑफ कॅशेलला थांबा; सपाट माळातून अचानक वर आलेल्या टेकाडावर जुनं चर्च आणि गोल मनोरा आहे, मुलांना पळायला भरपूर गवत आहे.

किलार्नीचं राष्ट्रीय उद्यान देशातलं पहिलं, १९३२ सालचं. तिथल्या मक्रॉस हाउसजवळ विसाव्या शतकाच्या तिशीतली शेती जशी होती तशी चालवून दाखवतात: कोंबड्या, गायी, चुलीवर भाजला जाणारा पाव. लहान मुलांचा अर्धा दिवस मजेत जातो. आजी-आजोबांना चालवत नसेल तर टांगा करा, इथे त्याला जॉन्टिंग कार म्हणतात. रिंग ऑफ केरी हा सुमारे १८० किलोमीटरचा फेरा प्रसिद्ध आहे, पण दहा वर्षांखालची मुलं असतील तर तो पूर्ण करू नका. दिवसभर गाडीत बसून त्यांच्या हाती काही लागत नाही. टॉर्क धबधबा, लेडीज व्ह्यूवरून दिसणारा देखावा, मॉल्स गॅपची खिंड एवढं करून परत फिरा. सर्वात सुंदर तुकडा हाच आहे.

तो वाचलेला दिवस डिंगल द्वीपकल्पाला द्या. वाटेत इंचचा किलोमीटर न् किलोमीटर वाळूचा किनारा लागतो. पुढे स्ली हेडचा वळसा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने घ्यायचा, म्हणजे समोरून येणाऱ्या बसेसशी गाठ पडत नाही. या भागात आयरिश भाषा बोलतात आणि पाट्याही आयरिशमध्येच असतात. स्वच्छतागृहाच्या दारावर 'फिर' म्हणजे पुरुष आणि 'मना' म्हणजे स्त्रिया, एवढं मुलांना शिकवून ठेवा. गॅलरसचं छोटं प्रार्थनामंदिर बघा. चुना न वापरता नुसत्या दगडावर दगड रचून बांधलेलं, आणि शेकडो वर्षांनीही आत पाणी गळत नाही. हेमाडपंती देवळं बघितलेल्या मुलांना त्यातली करामत लगेच कळते.

मेंढपाळाचं कुत्रं काम करताना बघायची सोय केरीत आणि कॉनेमारात बऱ्याच शेतांवर आहे. ती चुकवू नका. मेंढपाळ जागचा हलत नाही. एका प्रकारची शीळ आली की कुत्रं डावीकडून वळसा घेतं, दुसरी आली की उजवीकडून, तिसरीला पोट जमिनीला टेकवून निश्चल पडतं. वीस-पंचवीस मेंढ्या मधोमध एका गठ्ठ्यात गोळा होतात आणि फाटकातून आत जातात. शेवटी मुलांना कोकराला बाटलीने दूध पाजायला मिळतं. आधी फोन करून वेळ घ्या.

केरीहून क्लेअरला जाताना लिमरिक शहरावरून वळसा घेऊ नका. टार्बर्टहून किलिमरला गाडीसकट फेरी आहे, वीस मिनिटांची. शंभराहून जास्त किलोमीटर वाचतात आणि शॅनन नदीच्या मुखात डॉल्फिन दिसण्याची शक्यता असते.

मोहरचे कडे समुद्रापासून २१४ मीटरपर्यंत उंच आहेत. सकाळी दहाच्या आत किंवा संध्याकाळी पाचनंतर जा, तिकीट वेळेसकट ऑनलाइन घ्या. १२ वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. एप्रिल ते जुलै पफिन पक्षी येतात, दुर्बीण जवळ ठेवा. इथे मुलाचा हात सोडायचा नाही. कठड्यापलीकडे पायवाट दिसते, लोक जातातही, तुम्ही जाऊ नका; कडा खालून पोखरलेला असतो आणि वारा ढकलतो.

मला विचाराल तर क्लेअरमध्ये कड्यांपेक्षा बरेन मोलाचं. मैलोन् मैल उघडा चुनखडक, त्याला पडलेल्या खोल भेगा, आणि भेगांतून डोकावणारी फुलं. मेमध्ये गडद निळं जेन्शन फुलतं, नखाएवढं. हा खडक कोट्यवधी वर्षांपूर्वी उबदार उथळ समुद्राच्या तळाशी तयार झाला, त्यामुळे नीट बघितलं तर त्यात प्रवाळांचे ठसे सापडतात. मुलांना ते शोधायला लावा, तासभर कुणी कंटाळणार नाही. पोलनाब्रोनचं पाषाणयुगीन थडगं वाटेतच आहे, बघायला पैसे लागत नाहीत. पाऊस लागला तर डूलिनच्या गुहेत सात मीटरहून लांब चुनखडीचा झुंबर लटकलेला आहे, तो बघा.

कॉनेमारा ओसाड आणि देखणा. लेटरफ्रॅकच्या राष्ट्रीय उद्यानात प्रवेश मोफत आहे आणि मुलांना झेपतील अशा छोट्या पायवाटा आहेत. रस्त्यावर मेंढ्या बसलेल्या असतात, त्या उठेपर्यंत थांबायचं. किलरीच्या खाडीकाठी उतारांकडे लक्ष द्या: हिरव्या गवताखाली समांतर सरी-वरंबे दिसतात. बटाट्याचे ते वाफे आहेत. १८४५ नंतर रोगाने पीक गेलं, दुष्काळात सुमारे दहा लाख माणसं मेली, तितकीच किंवा अधिक देश सोडून गेली, आणि कित्येक वाफे पुन्हा कधी लावले गेले नाहीत. मुलांना गाडी थांबवून हे सांगा. याच भागातला बॅलिनाहिंच कॅसल १९२४ साली नवानगरच्या महाराजा रणजितसिंहांनी विकत घेतला होता, ज्यांच्या नावाने रणजी करंडक खेळला जातो. सामन माशांच्या शिकारीसाठी ते उन्हाळ्यात इथे येत. आता तिथे हॉटेल आहे.

जेवण

शाकाहारी माणसाने पबमध्ये आधी सूप विचारावं. आजचं सूप बहुतेकदा भाज्यांचं असतं, सोबत सोडा घालून केलेला तपकिरी पाव आणि लोणी. पण ते चिकनच्या पाण्यात केलंय का हे विचारा, आणि चिप्स कोणत्या चरबीत तळतात तेही. नाश्त्याच्या ताटातलं ब्लॅक पुडिंग रक्ताचं असतं. शाकाहारी नाश्ता मागितला तर अंडी, मश्रूम, बीन्स, टोस्ट, पॉरिज मिळतं. १५ वर्षांखालच्या मुलांना पालकांबरोबर पबमध्ये रात्री ९ पर्यंत बसता येतं, मे ते सप्टेंबर १० पर्यंत. मात्र खेड्यात स्वयंपाकघर साडेआठ-नऊला बंद होतं. साडेसहाला जेवायला बसा.

नळाचं पाणी प्यायला चालतं. बाटलीबंद पेय घेतलंच तर त्यावर १५ किंवा २५ सेंट अनामत असते. रिकामी बाटली सुपरमार्केटमधल्या यंत्रात टाकली की पावती मिळते. हे काम मुलांकडे द्या आणि पैसेही त्यांनाच.

काळजीच्या गोष्टी थोडक्यात

शेतजमीन खाजगी असते, पायवाटेची खूण असेल तिथेच चाला आणि फाटक जसं सापडलं तसं ठेवा. गवतातून फिरून आलात की संध्याकाळी मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांत गोचीड बघा. लाइम रोग तिच्यातून पसरतो. समुद्रात जीवरक्षक असेल तिथेच आणि झेंड्यांच्या मधेच उतरायचं. अडचण आली तर ११२ किंवा ९९९.

गाडी परत करताना

क्लिफडनहून डब्लिन एका दिवसात होतं, पण उड्डाणाच्या दिवशीच हा पल्ला ठेवू नका. शेवटची रात्र विमानतळाजवळ काढा. वाटेत एम-६ वरून थोडं आत शॅननकाठी क्लॉनमॅकनॉइज हा सहाव्या शतकातला मठ आहे, जेवणाची सुट्टी तिथे घ्या. टाकी विमानतळाच्या अलीकडच्या पंपावर भरा, झाकणावर पेट्रोल लिहिलंय की डिझेल ते वाचून. पंपाची पावती, काट्याचा आणि गाडीच्या चारही बाजूंचा फोटो काढून ठेवा, ठेवीचे पैसे परत येईपर्यंत तो पुसू नका. चाइल्ड सीटखाली हात घालून बघा. गाड्यांचे डेपो टर्मिनलपासून थोडे लांब असतात, तिथून शटल बस पकडावी लागते, तेव्हा त्यासाठी पाऊण तास वेगळा धरा.